झाडाची सोललेली साल बघून अमेरिकेतले शिकारी हरणाचा माग कसा काढतात?

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांच्या जंगलात एक गोष्ट हमखास दिसायला लागते. मनगटाएवढ्या जाडीचं एखादं झाड, आणि गुडघ्यापासून कमरेपर्यंत त्याची साल एका बाजूने पार सोलून काढलेली. आतलं पांढरट लाकूड उघडं पडलेलं, बुंध्याशी सालीचा चुरा सांडलेला.

आपल्याला वाटेल, कुणीतरी जाता जाता कोयता चालवलाय. तिथला शिकारी मात्र ते झाड बघून थांबतो, वाकून बघतो, मोबाइलच्या नकाशावर खूण करतो आणि खुश होऊन पुढे जातो.

या खुणेला तिथे ‘रब’ म्हणतात. व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा नर झाडावर शिंगं आणि कपाळ घासतो, त्याची ही खूण.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हे वाचून कुणी जंगलात जायचं मनात आणू नका. अमेरिकेत प्रत्येक राज्य शिकारीचा हंगाम ठरवतं, परवाना देतं आणि कुणी किती हरणं मारायची हेही ठरवतं. अनेक शिकाऱ्यांना वर्षाला एखादाच नर मारायची परवानगी असते. म्हणजे हातात मोजके दिवस आणि एकच संधी. चुकीच्या झाडाखाली बसलात तर वर्ष गेलं.

आता नर झाडाला शिंगं घासतो तरी कशाला?

बऱ्याच जणांना वाटतं, शिंगांवरची मखमली कातडी काढायला. हे अर्धवट खरं आहे. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवीन येतात. वसंतापासून उन्हाळाभर ती वाढतात, तेव्हा त्यांच्यावर रक्तवाहिन्या असलेलं मऊ कातडं असतं. ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये दिवस लहान होऊ लागले की टेस्टोस्टेरॉन वाढतं, शिंगं टणक होतात आणि हे कातडं सुटतं. पण ते निघायला बहुतेक वेळा एखादा दिवसच लागतो. घासाघासी मात्र त्यानंतर कित्येक आठवडे चालते. एक नर एका हंगामात असे शेकडो रब करू शकतो.

खरं कारण वासात आहे. जॉर्जिया विद्यापीठातल्या अ‍ॅटकेसन आणि मार्चिंटन या संशोधकांनी 1982 मध्ये व्हाइटटेलच्या कपाळावरच्या ग्रंथींचा अभ्यास मांडला. या ग्रंथी शरद ऋतूत जास्त काम करतात आणि वयाने मोठ्या नरांमध्ये त्यांचा जोर जास्त असतो. म्हणजे नर झाडावर शिंगं घासतो तेव्हा कपाळाचा वासही तिथे सोडतो. सोललेलं पांढरं लाकूड लांबून दिसतं आणि जवळ गेलं की वास सांगतो, इथे कोण येऊन गेलं. थोडक्यात, ती त्याची पाटी असते. सोबत मानेचा व्यायाम होतो तो वेगळा, कारण पुढे दुसऱ्या नरांशी झुंजायचं असतं.

आता शिकारी ही पाटी वाचतो कशी?

पहिलं बघायचं ते ताजेपण. लाकूड ओलसर असेल, चीक लागत असेल, खालचा चुरा हिरवा-पांढरा असेल तर खूण नुकतीच झालेली. लाकूड करडं पडलं असेल, कडेची साल वाळून आत वळली असेल तर ती जुनी, कदाचित गेल्या वर्षीची.

दुसरं म्हणजे झाडाची जाडी. इथे एक साधा नियम आहे, पण तो उलटा लावून चालत नाही. मोठा नर बारीक झाडावरही घासतो आणि जाड झाडावरही. लहान नर जाड झाडाच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणून मांडीएवढ्या खोडावर खोल ओरखडे दिसले तर मोठा नर असण्याची शक्यता चांगली, पण बारीक झाड सोललेलं दिसलं म्हणून लहान नर आहे असं ठरवता येत नाही. खूण कधीची आहे यालाही महत्त्व आहे. वयस्क नर ही घासाघासी तरुणांच्या कितीतरी आधी सुरू करतात. त्यामुळे सप्टेंबरमध्येच दिसलेला रब अनुभवी शिकाऱ्याला जास्त बोलका वाटतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची, आणि मला स्वतःला सगळ्यात भारी वाटलेली: झाडाची कोणती बाजू सोललीय?

नर चालत येतो आणि समोर आलेल्या झाडावर घासतो. म्हणजे बहुतेक वेळा झाडाची तीच बाजू सोलली जाते, जिकडून तो आला. सोललेली बाजू समोर ठेवून उभं राहिलात तर तुमचं तोंड साधारण तिकडे असतं, जिकडे तो निघाला होता. एका झाडावरून हे ठरवणं धोक्याचं, कारण नर झाडाला वळसाही घालतो. पण एकाच वाटेवर अशी पाच-सात झाडं ओळीने सापडली आणि सगळ्यांची एकच बाजू सोललेली असली, तर ती वाटच हाती लागली. शिकारी याला ‘रब लाइन’ म्हणतात.

आता त्या वाटेची दोन टोकं शोधायची. एका टोकाला दाट झाडोरा असतो, जिथे नर दिवसा बसून राहतो. दुसऱ्या टोकाला खाणं असतं: मक्याचं शेत, किंवा ओकच्या झाडाखाली पडलेली फळं. खुणा झाडोऱ्याच्या बाजूला असतील तर तो इथून संध्याकाळी खायला निघतो. खाण्याच्या बाजूला असतील तर पहाटे पोट भरून परत जातो. फक्त झाडाच्या सालीवरून वेळेचा अंदाज!

मग मचाण कुठे बांधायचं? नवखा माणूस शेताच्या कडेला बांधतो, कारण तिथून मोकळं दिसतं. घोटाळा इथेच होतो. मोठा नर दिवसभराच्या जागेवरून उशिरा उठतो, रमतगमत येतो आणि शेतात पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात शिकार कायद्याने थांबवावी लागते. म्हणून जाणकार रब लाइनवर मागे मागे जातो आणि झाडोऱ्याच्या जितकं जवळ जाता येईल तिथे बसतो. पण फार जवळ गेला आणि हरणाला चाहूल लागली, तर तो नर ती वाटच सोडू शकतो. सगळा खेळ या पन्नास-शंभर पावलांच्या अंदाजाचा आहे.

यात वारा आला की अजून एक भानगड. हरणाचं नाक माणसाला लगेच पकडतं. त्यामुळे मचाण वाटेच्या अशा बाजूला हवं की वारा वाटेकडून माणसाकडे येईल. शिवाय डोंगराळ भागात सकाळी ऊन पडलं की हवा उताराने वर चढते आणि संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. सकाळी बरोबर असलेली जागा संध्याकाळी चुकीची ठरते. वारा फिरला तर मुरलेला शिकारी त्या दिवशी त्या मचाणावर जातच नाही.

बंदूकवाल्यापेक्षा धनुष्यवाल्याला हे वाचन जास्त लागतं. बाणाने शिकार करणारे बहुतेक जण सावज वीस-तीस यार्डांत यायची वाट बघतात. त्याहून लांबून मारलेला बाण चुकीच्या जागी लागला तर हरीण जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी तडफडून मरतं. ते सापडतही नाही. नीट शिकलेला शिकारी या गोष्टीला सगळ्यात जास्त घाबरतो. म्हणूनच बरोबर झाड निवडणं इतकं महत्त्वाचं.

पण रब फसवतोही. झाडावर ताजी खूण आहे म्हणजे नर दिवसाउजेडी येतो असं नाही. या खुणा बऱ्याचदा रात्री होतात. शेताच्या उघड्या कडेला दिसणारे रब तर बहुतेक अंधारातलेच समजायचे. दुसरं, उत्तरेकडच्या राज्यांत नोव्हेंबरच्या मध्यावर माजाचा काळ ऐन भरात येतो. तेव्हा नर स्वतःची ठरलेली वाट सोडून माद्यांच्या मागे कुठेही भटकतो, आणि ऑक्टोबरमध्ये मेहनतीने शोधलेली रब लाइन ओस पडते. मग माद्या कुठे चरतात ते बघावं लागतं.

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा प्रसिद्ध नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे माजाचा भर ओसरत असताना. पहिल्या दिवसाच्या गोळीबारानंतर हरणं दाट झाडीत दडून बसतात. तिथे मग रबपेक्षा आपल्याकडच्या जुन्या हाकाऱ्यासारखी पद्धत चालते: काही जण रान उठवतात, बाकीचे पुढे बसतात.

व्हाइटटेल मोठ्या नरांचे काही रब मात्र वर्षानुवर्षं टिकतात. एकाच जाड झाडावर अनेक नर येऊन घासतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच येतात. असं झाड ज्याला माहीत असतं तो शक्यतो कुणाला सांगत नाही. आपल्याकडे माशांची जागा कुणी सांगतं का?

रब ही काही फक्त अमेरिकेची मक्तेदारी नाही. आपला सांबरही झाडाला शिंगं घासतो. ताडोब्यात किंवा मेळघाटात गेलात तर गाइडला विचारा. वाघाच्या नखांचे ओरखडे उभे, लांब आणि एकमेकांना समांतर असतात. सांबराने घासलेली जागा मात्र सोलल्यासारखी दिसते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपल्याकडे पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी मोजतात. तिथे मचाण आहे, जागरण आहे, बंदूक तेवढी नाही.

हंगाम संपला तरी अमेरिकन शिकाऱ्याचं काम संपत नाही. उलट हिवाळ्याच्या शेवटी तो परत जंगलात जातो. पानं गळून गेलेली असतात, त्यामुळे जुने रब लांबून दिसतात आणि पूर्ण ओळ नकाशावर उतरवता येते. आता हरीण बिथरलं तरी बिघडत नाही, कारण पुढचा हंगाम सहा-सात महिने लांब आहे. याच दिवसांत नरांनी टाकलेली शिंगंही पानांत पडलेली सापडतात. ती गोळा करणं हा तिथे घरच्या सगळ्यांनी मिळून करायचा छंद आहे, काही जण त्यासाठी कुत्रीसुद्धा शिकवतात. आपल्याकडे मात्र जंगलात गळून पडलेलं सांबरशिंग उचलून घरी आणलं तरी वनखात्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो.