नान्शोकु ते दोसेइआइ : एका संज्ञापालटाचा इतिहास

इहारा साइकाकूचा ‘नान्शोकु ओकागामी’ हा चाळीस कथांचा संग्रह १६८७ साली प्रसिद्ध झाला. पूर्वार्धात सामुराईंच्या, तर उत्तरार्धात काबुकी नटांच्या प्रेमकथा आहेत. त्यांचा परिचय ‘समलिंगी प्रेमाच्या कथा’ असा करून देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण साइकाकूच्या भाषेत या अर्थाची संज्ञाच नव्हती.

‘नान्शोकु’ हा ‘पुरुष’ आणि ‘रंग’ या चिनी लिपीतील दोन अक्षरांचा समास. रंग म्हणजे येथे कामासक्ती. संस्कृत ‘राग’ शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, हे ध्यानात घेतल्यास मराठी अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटू नये. ‘न्योशोकु’ (स्त्री-रंग) हा त्याचा जोडशब्द. ही जोडी वरवर समतोल दिसते. प्रत्यक्षात दोन्ही शब्दांत आसक्त होणारा पुरुषच आहे. तो स्त्रीकडे ओढला जातो की पुरुषाकडे, एवढाच भेद. आणि एकाच पुरुषाने दोन्ही वाटा चोखाळण्यात कोणाला विसंगती दिसत नसे. स्त्रीला स्त्रीविषयी वाटणाऱ्या ओढीला मात्र या जोडीत जागाच नाही.

नात्यातील स्थाने वयाने ठरत. कपाळावरची झुलपे राखलेला किशोर तो ‘वाकाशू’. त्याच्यावर प्रेम करणारा वडील पुरुष तो ‘नेन्जा’. प्रौढत्वाच्या विधीत झुलपे उतरली की वाकाशूपण संपे, आणि आजचा वाकाशू उद्या नेन्जा होऊ शके. ही प्रकृतीची नव्हे, तर अवस्थेची नावे होत. १६५२ साली किशोरांच्या काबुकीवर बंदी आली, तेव्हा शासनाने नटांची झुलपेच उतरवायला लावली. ज्या खुणेवर संज्ञा उभी होती, तिच्यावरच वस्तरा फिरला. स्त्रीभूमिका करणाऱ्या ‘ओन्नागातां’नी मग उघड्या पडलेल्या कपाळावर जांभळे वस्त्र घेतले आणि तेच त्यांचे सौंदर्यचिन्ह ठरले. या व्यवस्थेला मुक्तीचे सुवर्णयुग म्हणणाऱ्यांना ‘कागेमा’ या शब्दाचा विसर पडतो. देहविक्रयासाठी कराराने बांधून घेतलेली मुले त्या नावाने ओळखली जात.

‘सेइ’ या अक्षराचा जुना अर्थ स्वभाव, उपजत प्रकृती. ‘लिंग’ हा अर्थ त्याला मेइजी काळात चिकटला, आणि पाश्चात्त्य लैंगिकशास्त्राच्या अनुवादांतून ‘दोसेइआइ’ (समान-लिंग-प्रेम) ही संज्ञा ताइशो काळात (१९१२-२६) स्थिरावली. अक्षच बदलला. वय मागे पडून लिंग पुढे आले. अवस्थेच्या जागी प्रकृती आली आणि तिच्या पाठोपाठ विकृतीही. परंतु ज्या शब्दाने हे निदान लादले, त्याच शब्दाने स्त्रीला प्रथमच या नात्याची कर्ती मानले, हा त्यातील विरोधाभास दुर्लक्षिता येत नाही. १९११ साली नुकतेच शिक्षण संपवलेल्या दोन तरुणींनी नीगाता प्रांतात एकत्र जीव दिला, तेव्हा वृत्तपत्रांत ही चर्चा उसळली. शाळकरी मुलींनी स्वतःच्या जिव्हाळ्याला दिलेले नाव निराळेच होते : ‘एस’, म्हणजे इंग्रजी ‘सिस्टर’चे आद्याक्षर. योशिया नोबुकोच्या १९१६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘हाना मोनोगातारी’ने त्याच भावविश्वाला वाङ्मयीन रूप दिले. निदानाचा शब्द आणि जिव्हाळ्याचा शब्द असे दोन्ही एकाच काळात शेजारी शेजारी वावरत होते.

१९१३ साली स्थापन झालेल्या ताकाराझुका या सर्वस्त्री नाट्यसंस्थेच्या परिभाषेत हा पेच वेगळ्या रूपाने दिसतो. तेथे पुरुष रंगवणारी ती ‘ओतोकोयाकु’ आणि स्त्री रंगवणारी ‘मुसुमेयाकु’. ‘याकु’ म्हणजे नेमून दिलेले काम. ‘ओन्नागाता’तील ‘गाता’ म्हणजे रूप, आकृती. पुरुषाने साकारलेली स्त्री हे रूप आणि स्त्रीने साकारलेला पुरुष हे काम, असा अन्वय काहींनी लावला आहे. काबुकीतील पुरुषभूमिकांनाही ‘ताचियाकु’ म्हणत असल्याने केवळ या उत्तरपदावर सिद्धान्त उभारणे धोक्याचे. खरी मेख पूर्वपदात आहे. ‘ओन्ना’ म्हणजे स्त्री. ‘मुसुमे’ म्हणजे मुलगी, कन्या. विवाह ठरताच संस्था सोडावी लागणाऱ्या या नटींना रंगमंचावरही ‘स्त्री’ हे नाव मिळाले नाही. मराठीत ‘पुरुषभूमिका’ आणि ‘स्त्रीभूमिका’ असे सरळ भाषांतर केले की ही कन्या मजकुरातून निघून जाते.