आपल्या मीटर रूमची पंचवीस वर्षं

सोसायटीच्या स्थापनेचा, गणेशोत्सवाचा आणि पाण्यासाठी मारलेल्या हेलपाट्यांचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. मी लिहितोय जिन्याखालच्या मीटर रूमचा. नोकरीभर रेल्वेच्या ट्रॅक्शन खात्यात होतो, म्हणून कमिटीने हा विषय माझ्या गळ्यात घातला.

२००० साली आपली नोंदणी झाली तेव्हा तिथे लाकडी फळीवर चकतीवाले मीटर होते, चिनी मातीचे फ्यूज होते आणि एक लोखंडी मेन स्विच. फ्यूज उडाला की एकाने मेणबत्ती धरायची, दुसऱ्याने तार गुंडाळायची. चकतीचा मीटर म्हणजे हंगेरीच्या ऑटो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये पेटंट घेतलेल्या मीटरचाच वंशज. बिल तेव्हा वीज मंडळाचं यायचं. जून २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आलं, आणि पुढच्याच महिन्यात २६ जुलै! तळमजल्यावर कमरेइतकं पाणी, खालच्या रांगेतले मीटर बुडालेले. त्यानंतर सगळे मीटर डोक्याच्या उंचीवर चढवले. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले. मार्च २०२० पासून शीळ-मुंब्रा-कळव्याबरोबर आपल्या दिव्याचं वितरणही टोरंट पॉवरकडे गेलं.

एवढं सगळं बदललं, पण एक गोष्ट कायम होती. वीज एकाच बाजूने यायची. मेन स्विच पाडला की पुढची प्रत्येक तार मेलेली. गच्चीवर सोलर बसवलं आणि हे खरं राहिलं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान. पंप, लिफ्ट, जिन्याचे दिवे यांचं बिल पाहता सभेत फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो कोटेशनवर. गच्चीवर नऊ-नऊ पॅनलच्या दोन ओळी, प्रत्येक ओळीत साधारण साडेचारशे व्होल्ट डीसी, आणि त्या तारांवर ठेकेदाराने घरातलाच साधा एसी एमसीबी धरलेला. "अहो काका, स्विच तो स्विच, त्यात एसी-डीसी काय?" असं तो म्हणाला.

आता दिव्यात राहून हा प्रश्न! ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी सुटली ती १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे आपल्या दारावरूनही तीच डीसी धावली. मेन लाईन पूर्ण एसीवर जायला २०१५ उजाडलं. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी जळतच राहते आणि स्विच वितळतो. आमच्या सबस्टेशनातल्या ब्रेकरला ती ठिणगी ताणून तोडायला वेगळा कप्पाच असायचा. म्हणून डीसीसाठीच बनवलेला आयसोलेटर घ्यायला लावला. काही डीसी एमसीबींवर धन-ऋण खुणा असतात. तिथे उलटं जोडलं तर ठिणगी विझत नाही, आतच पेट घेते. त्या खुणाही मी उभं राहून तपासून घेतल्या.

मीटरचीही एक गोम आहे. जुने काही इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा वापरात धरतात. नेट मीटर लागण्याआधी घाईने सोलर चालू केलं तर बिल कमी व्हायचं सोडून वाढतं. सभासदांनी "पॅनल लागलेत, मग थांबलात कशाला?" म्हणून महिनाभर डोकं खाल्लं, पण आपण नेट मीटर लागेपर्यंत थांबलो.

आता मीटर रूममध्ये नेट मीटरशेजारी सोलरचा स्वतंत्र एसी स्विच आहे. त्याचं पातं उघडलेलं बाहेरून दिसतं, त्याला कुलूप लागतं. लाईनवर काम करणाऱ्याला मागून आपली वीज लागू नये यासाठी तो. इन्व्हर्टर स्वतःहूनही बंद पडतो, म्हणूनच भर उन्हात लाईट गेली की सोलर असूनही लिफ्ट थांबते. ग्रुपवर त्याबद्दल दर वेळी तक्रार येते, येऊ दे.

बंद करताना आधी हा एसी स्विच, मग गच्चीवरचा डीसी आयसोलेटर. आणि दोन्ही पाडले तरी ऊन आहे तोवर पॅनलपासून आयसोलेटरपर्यंतची तार जिवंतच असते. तशी लाल पाटी गच्चीच्या दारावर मराठी-हिंदीत लावली आहे. पतंग काढायला चढणाऱ्या पोरांना ती एकदा वाचून दाखवा. कुलपाची एक किल्ली वॉचमनकडे, दुसरी सेक्रेटरींकडे.