धावण्या-सायकलिंगसाठी स्वस्तातलं जीपीएस घेताय? पैसे देण्याआधी एवढं तपासा

महाड-पोलादपूर पट्ट्यात पहाटे रस्त्यावर दोन प्रकारची मंडळी दिसतात. एक पोलीस आणि सैन्य भरतीच्या तयारीतली पोरं-पोरी, दुसरी आंबेनळी नाहीतर वरंध घाटाकडे सायकल काढणारे हौशी. घरटी एक जवान असं ज्याच्याबद्दल सांगितलं जातं ते फौजी आंबवडे याच महाड तालुक्यातलं, त्यामुळे पहिल्यांची संख्या कधी कमी होत नाही. किती अंतर झालं, किती वेळ लागला, हे दोघांनाही हवं असतं. पण दोघांची गरज एक नाही, आणि दुकानदार मात्र दोघांच्या हातात एकच घड्याळ ठेवतो.

आधी नावाचा घोळ. बाजारात 'जीपीएस ट्रॅकर' मागितलं की बहुतेक ठिकाणी गाडीला लावायचा डबा दाखवतात. त्यात सिम असतं, रिचार्ज लागतो आणि गाडी कुठे आहे ते मालकाच्या मोबाइलवर दिसतं. चावीला अडकवायचे छोटे ब्लूटूथ टॅग तर जीपीएस नव्हेतच. धावणाऱ्याला हवं असतं ते गेलेला रस्ता, अंतर आणि वेग नोंदवणारं यंत्र. ते उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतं, स्वतः काही पाठवत नाही. म्हणून त्याला ना सिम लागतं ना महिन्याचा खर्च, आणि घाटात मोबाइलची रेंज गेली तरी नोंद चालू राहते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'कनेक्टेड जीपीएस' या शब्दात. दोन-अडीच हजारांच्या अनेक घड्याळांच्या खोक्यावर जीपीएस छापलेलं असतं, पण घड्याळात जीपीएसची चिपच नसते. ते खिशातल्या फोनचं जीपीएस वापरतं. फोन घरी ठेवला तर ते हाताच्या झोक्यावरून पावलं मोजून अंतराचा अंदाज सांगतं. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतही हा फरक असतो. अमेझफिटच्या बिप ३ मध्ये जीपीएस नाही, बिप ३ प्रो मध्ये आहे. नावात फरक एका शब्दाचा. खोक्यावर 'बिल्ट-इन जीपीएस' असं लिहिलेलं आहे का ते बघावं आणि घेतल्यावर लगेच परीक्षा करावी. फोन घरी ठेवून मोकळ्या रस्त्याने एक किलोमीटर चालून यायचं. घरी आल्यावर नकाशावर गेलेल्या वाटेची रेघ उमटली नाही, तर परतीची मुदत संपण्याआधी घड्याळ परत करावं.

भरतीवाल्यांनी मात्र घड्याळावर पैसे घालण्याआधी थोडा हिशेब करावा. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावं लागतं. अलीकडच्या भरत्यांत मुलांना १६०० मीटरसाठी ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत पूर्ण २० गुण होते, त्यापुढे ५ मिनिटं ३० सेकंदांपर्यंत १८. आता मैदानात गोल फेऱ्या मारताना स्वस्त जीपीएस दोन टक्के जरी चुकलं तरी १६०० मीटरमागे ३२ मीटर होतात. घड्याळ जिथे १६०० दाखवतं तिथे खरे १५६८ झालेले असतात. पोरगा म्हणतो ५.०८ आले, प्रत्यक्षात तो ५.१४ चा आहे. सहा सेकंदांत दोन गुण गेले, आणि ते कळतं ते थेट भरतीच्या मैदानात.

म्हणून या कामाला फित आणि स्टॉपवॉच बरं. प्रमाणित ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या पहिल्या लेनमधून चार फेऱ्या म्हणजे १६०० मीटर. असा ट्रॅक जवळ नसेल तर गावच्या मैदानात लांब फितीने २०० मीटरची फेरी मोजून चुना टाकावा आणि आठ फेऱ्या माराव्यात. फित कुणाकडेही मिळते, मोजणी एकदाच करायची असते. १०० मीटरसाठी तर जीपीएसचा विचारच करू नये. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूकही पाचेक मीटरची असते. जीपीएसचा खरा उपयोग सकाळच्या पाच-दहा किलोमीटरच्या लांब धावेला होतो. तिथे चार-पाच मीटरनी बिघडत नाही.

सायकलवाल्यांचं प्रकरण वेगळं. पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण ४० किलोमीटर, आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर. अशा घाटात एका बाजूला कडा असतो, अर्धं आकाश झाकलेलं. जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. शिवाय काही संदेश कड्यावर आपटून उशिरा येतात आणि नकाशावरची रेघ दरीत उतरते. म्हणून जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ असे आणखी उपग्रहसमूह पकडणारं यंत्र घ्यावं. एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी पकडणारं असेल तर उत्तम, पण ते स्वस्तात क्वचितच मिळतं.

दुसरी गोष्ट सेटिंगची. बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये यंत्र दर सेकंदाऐवजी थांबून थांबून नोंद घेतं. सरळ महामार्गावर फरक पडत नाही, घाटातल्या वळणांवर मात्र ते कोपरे कापतं आणि अंतर कमी भरतं. घाट चढायचा तर दर सेकंदाची नोंद ठेवावी. चढाईचा आकडा महत्त्वाचा वाटत असेल तर हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर आहे का ते विचारावं, कारण नुसतं जीपीएस उंचीत जास्त चुकतं. निघताना मोकळ्या जागी उभं राहून सिग्नल पक्का होऊ द्यावा, मगच 'स्टार्ट' दाबावं.

ज्याला फक्त अंतर आणि वेग हवा, त्याने चाकाला चुंबक लावायचा साधा मीटर घ्यावा. तो कशेडीच्या बोगद्यातही मोजतो, जिथे जीपीएस आंधळं होतं. फक्त चाकाचा घेर नीट भरावा लागतो. टायरवर खडूची खूण करून, सायकलवर बसून एक पूर्ण फेरा पुढे न्यावा आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजावं. २६ इंची चाकाचा घेर साधारण २०७ सेंटीमीटर येतो. त्यात एक सेंटीमीटरची चूक झाली तर ४० किलोमीटरला जवळपास २०० मीटरचा फरक पडतो.

आणि सगळ्यात स्वस्त ट्रॅकर आधीच खिशात आहे. स्ट्राव्हासारख्या ॲपची मोफत आवृत्ती नवख्याला पुरते. नकाशावर मध्येच सरळ रेघ आली तर दोष बहुधा उपग्रहांचा नसतो, फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲप बंद पाडलेलं असतं. त्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमधून सूट द्यावी. घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवून घाटात जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की त्याला रेंज लागते. रेंज गेली की घरी दिसतं ते शेवटचं ठिकाण. कोणत्या वाटेने जातोय आणि किती वाजता परत, हे तोंडी सांगूनच निघावं.

पावसाचंही बघायला हवं. रायगड जिल्ह्याची वार्षिक सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे आहे, त्यामुळे नुसतं 'स्प्लॅशप्रूफ' इथे टिकत नाही. घड्याळ ५ एटीएमचं, सायकलचा मीटर किमान आयपीएक्स ७ चा असावा. चार्जिंगच्या तोंडाचं रबरी झाकण सैल झालं की पाणी तिथूनच शिरतं.

ॲपमध्ये खातं उघडल्यावर पहिल्याच दिवशी प्रोफाइल 'प्रायव्हेट' करावं आणि घराजवळची सुरुवात-शेवट लपवायची सोय चालू करावी, मुलींनी तर नक्कीच. २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावर धावणाऱ्या सैनिकांच्या नोंदींवरून परदेशांतले लष्करी तळ उघडे पडले होते. उद्या जे वर्दीत जाणार आहेत त्यांनी ही सवय आतापासूनच लावलेली बरी.