पाटणादेवीच्या रानातील रात्र : मठ, शिकारी आणि मचाण

१/ वैशाख पौर्णिमेच्या संध्याकाळी खानदेशातील अभयारण्यांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर माणसे चढून बसतात. जवळ दुर्बीण, वही आणि पिण्याचे पाणी. सकाळपर्यंत बोलणे बंद. पाण्यावर कोण आले, किती आले, कोणत्या वेळी आले, एवढेच टिपायचे. पूर्वी यास प्राणीगणना म्हणत; आज वन विभाग या उपक्रमाला ‘निसर्गानुभव’ म्हणतो. पण वर्षातील नेमकी हीच रात्र का? या प्रश्नाची वाट आठशे वर्षे मागे, चाळीसगावजवळच्या एका शिलालेखापाशी जाते. #थ्रेड

२/ उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. वैशाखात ओढे आटतात, उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर जनावरांना यावेच लागते. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून सूर्य मावळताना तो उगवतो आणि पहाटेपर्यंत आकाशात राहतो. बॅटरीचा झोत न टाकता रात्रभर पाहता येईल, असा उजेड आणि अशी तहान एकत्र येण्याची ही वेळ असते.

३/ दुसरा भाग मात्र इतिहासाचा आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, ऋतूंचे वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. हा फरक तसाच सोडला असता, तर वैशाख सरकत सरकत कधी ऐन पावसाळ्यात, कधी थंडीत आला असता. अधिकमासाच्या गणिताने तो उन्हाळ्यात बांधून ठेवला. महिन्याचे नावही आकाशातूनच आले आहे : पौर्णिमेचा चंद्र विशाखा नक्षत्राच्या आसपास असतो, तो वैशाख. मचाणावरच्या माणसाच्या हातातील तारीख ज्योतिर्गणिताने दिलेली आहे.

४/ हे गणित ज्या परंपरेने पिढ्यान्‌पिढ्या शिकवले, तिचे एक केंद्र खानदेशात होते. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत पाटणादेवी आहे. आज तेथे देवीचे मंदिर, महादेवाचे जुने मंदिर, धवलतीर्थ आणि केदारकुंड यांचे पाणी व भोवती दाट रान दिसते. यादवकाळात मात्र हे पाटण नावाचे नांदते नगर होते.

५/ या परंपरेतील सर्वांत मोठे नाव भास्कराचार्यांचे. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयास असलेले विज्जडविड, असे ते स्वतः सांगतात. हे गाव नेमके कोणते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड, कोणी पाटण.

६/ जन्मगावाचा वाद बाजूला ठेवला तरी या घराण्याचा पाटणशी असलेला संबंध दगडावर कोरलेला आहे. मुंबईचे डॉक्टर आणि प्राच्यविद्यापंडित भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये येथील भवानीच्या मंदिरातील शिलालेख अभ्यासकांसमोर आणला. त्यात भास्कराचार्यांच्या अनेक पिढ्यांची वंशावळ आहे. यादव राजा जैत्रपालाने त्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला ‘या नगरातून’ नेऊन आपल्या विद्वानांचा प्रमुख केले, असेही तो लेख सांगतो.

७/ लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी. (ज्ञानेश्वरकालीन चांगदेव तो हा नव्हे.) त्याने पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवला जावा, हा त्याचा जाहीर हेतू होता. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले. त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही त्यात भर घातली. हा हेमाडिदेव म्हणजे प्रसिद्ध हेमाद्री पंडित नव्हे, हे लक्षात ठेवावे.

८/ दानाची तिथी विलक्षण आहे. श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा पर्वकाळ. लेखात शके ११२८ आणि प्रभव संवत्सर असे म्हटले आहे. अभ्यासकांनी ती तारीख ९ ऑगस्ट १२०७ अशी काढली. श्रावणात या डोंगरांवर ढगांचे राज्य असते. पण ग्रहण केव्हा आहे हे कळण्यासाठी आकाश मोकळे असण्याची गरज नव्हती. ते गणिताने आधीच ठाऊक होते, आणि त्या गणिताच्या शाळेलाच त्या मुहूर्तावर दान मिळत होते.

९/ या शाळेचा खर्च कोठून भागत होता? लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. पण करांचा तपशील आला की लेख मराठीत येतो. ज्यांनी तो पाळायचा, त्यांना तो कळायला हवा होता. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाकडे जाणाऱ्या उत्पन्नाचा वाटा मठाला द्यायचा, आणि गावात जितके घाणे चालतात त्या प्रत्येकामागे पळीभर तेल द्यायचे. म्हणजे खगोलशास्त्राच्या अध्ययनाचा भार राजाबरोबर पाटणच्या बाजाराने आणि तेल्याच्या घाण्यानेही उचलला.

१०/ या मठात जे ग्रंथ शिकवायचे होते, त्यांत काय होते? चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे होते आणि त्या सावलीचे माप कसे काढावे, याचे गणित होते. गोलाध्यायात शंकू, घटी, यष्टी, फलक, गोल अशा यंत्रांची वर्णने आहेत. या साऱ्या साधनांहून श्रेष्ठ म्हणून भास्कराचार्य ‘धीयंत्र’ सांगतात, म्हणजे बुद्धी. श्रावणातील ढगांखाली ग्रहणाची वेळ सांगणाऱ्या परंपरेला हे म्हणणे साजेसेच होते.

११/ पाटण हे एकटे उदाहरण नाही. चाळीसगाव तालुक्यातच गिरणेच्या काठी बहाळ येथे शके ११४४, म्हणजे इ. स. १२२२ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या भावाचा, श्रीपतीचा नातू अनंतदेव हाही सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने तेथे देवीचे मंदिर उभारले. एका तालुक्याच्या परिसरात एकाच घराण्याच्या दोन शाखा आकाशाचे गणित करीत होत्या.

१२/ चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवांची सत्ता संपली. राजाश्रय गेला, पाटणची पेठ ओसरली, नगराच्या जागी रान आले. मठाची इमारत आज उभी नाही. उरला तो लेख. पुढची पाचशे वर्षे ओलांडून या डोंगरात दुसऱ्या प्रकारचा रात्रीचा पहारेकरी येतो. त्याचे लक्ष मात्र आकाशाकडे नव्हते.

१३/ १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. भिल्लांचे उठाव शमवण्यासाठी १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव. भिल्लांचा विश्वास त्याने प्रामुख्याने शिकारीतून मिळवला. खानदेशातील दहा वर्षांत तो दोनशेच्या आसपास वाघांच्या शिकारीत सहभागी होता, अशी नोंद त्याच्या चरित्रात येते. आज ज्या जिल्ह्यात वाघाचा एक ठसा बातमी होतो, तेथली ही संख्या आहे.

१४/ या शिकारींचे खरे वाटाडे कोण होते? भिल्ल माग काढणारे. ओल्या मातीतल्या पंज्यावरून जनावर केव्हा गेले हे ओळखणे, वानराची खाकर आणि सांबराची हाक वेगळी वाचणे, कोणता झरा चैत्रात आटतो आणि कोणता टिकतो हे ठाऊक असणे, ही विद्या त्यांची होती. चांगदेवाच्या मठातील विद्येला शिलालेख लाभला. या विद्येला तसा लेख लाभला नाही. ती शिकारी साहेबांच्या आठवणींत निनावी हातांनी वावरते.

१५/ पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांत शिरणे, चारणे, लाकूड तोडणे यांवर सरकारी बंधने आली. ज्यांच्या पायाखाली ते रान होते, त्यांचाच वावर अपराध ठरू लागला. दाट रान तोडून शेती वाढत गेली आणि बंदुकीने उरलेले काम केले. वाघ खानदेशाच्या मैदानातून हटून सातपुड्याच्या आडोशाला गेला.

१६/ याच काळात जगात दुसरी एक कल्पना रुजत होती. १८७२ मध्ये अमेरिकेत यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. उसळणारे गरम पाण्याचे फवारे आणि कढत कुंडे हे त्यामागचे मोठे कारण होते : जमिनीचे नवल कोणा एकाच्या मालकीचे होऊ नये. गरम पाण्याचे नवल खानदेशालाही आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवचा झरा आहे.

१७/ उनपदेवचे पाणी ज्वालामुखीचे नव्हे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच निवला. तापी आणि सातपुडा यांच्या पट्ट्यात जमिनीला खोल भेगा आहेत. पावसाचे पाणी त्यांतून खोलवर झिरपते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. लोकश्रुती ते श्रेय रामाच्या बाणाला आणि शरभंग ऋषींना देते. येथे कायद्याचे कुंपण येण्यापूर्वी झऱ्याची राखण श्रद्धेने केली.

१८/ कायद्याचे कुंपण विसाव्या शतकात आले. १९६९ मध्ये यावल अभयारण्य, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९८६ मध्ये धुळे जिल्ह्यातील अनेर धरण अभयारण्य. पाटणादेवीचे रानही १९८६ मध्ये अभयारण्य झाले. त्याचे नाव गौताळा औट्रमघाट. कन्नडच्या घाटाला औट्रमचे नाव होते, ते अभयारण्याला मिळाले. जेथे आज वाघाचे रक्षण होते, त्या रानाच्या पाटीवर वाघांच्या मोठ्या शिकाऱ्याचे नाव आहे.

१९/ आणि वाघ? मार्च २०२१ मध्ये गौताळ्यात लावलेल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. कित्येक दशकांनंतर या रानात त्याची नोंद झाली. तो यवतमाळकडील टिपेश्वरच्या जंगलातून शेते, रस्ते आणि वस्त्या ओलांडत आला होता. त्याने हा प्रवास बहुतांशी अंधाराच्या आडोशाने केला असणार. दिवसा माणसांनी व्यापलेल्या मुलखात जनावराला उरलेली वाट म्हणजे रात्र.

२०/ येथे एक पेच उभा राहतो. जनावरे पाहायला पौर्णिमा हवी, तारे पाहायला अमावास्या. एका रात्री दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत. मात्र दोघांचा शत्रू एकच आहे : माणसाचा अनावश्यक दिवा. झगमगाटाने आकाशगंगा पुसली जाते आणि त्याच झगमगाटाने पाण्यावर येणारे जनावर बिचकते. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तेथे वाघ आणि अंधार यांची राखण एकाच सीमेत आली.

२१/ पौर्णिमा आणि तारे एकत्र आणणारा एक अपवाद आहे : खग्रास चंद्रग्रहण. भर पौर्णिमेला चंद्र मंदावतो, लपलेले तारे वर येतात, आणि थोड्या वेळाने चांदणे परतते. पाटणच्या मठाचे दान ग्रहणाच्याच पर्वकाळी दिले गेले, हे येथे पुन्हा आठवावे.

२२/ खानदेशाला रात्र पाहण्याचा वारसा आहे. पण तो दोन तुकड्यांत आहे. भास्कराचार्यांचे नाव पाठ्यपुस्तकात आहे, भिल्ल, पावरा आणि तडवी वस्त्यांतील रानाची विद्या बहुधा वनरक्षकाच्या किंवा वाटाड्याच्या तोंडीच आहे. मचाणावर बसणाऱ्या तरुणाला दोन्ही एकाच रात्री ऐकायला मिळाली, तर विशाखा नक्षत्र आणि सांबराची हाक यांतील अंतर कमी होईल. त्यासाठी वाटाड्याला त्याच्या ज्ञानाचे नाव आणि दाम दोन्ही मिळायला हवीत.

२३/ १२०७ मध्ये पाटणच्या लोकांनी हा हिशेब साधा ठेवला होता : आकाश शिकवायचे असेल तर प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. पाटणादेवीला जाल तेव्हा देवीच्या दर्शनाबरोबर त्या शिलालेखाचीही आठवण ठेवा, आणि सूर्य मावळण्यापूर्वी रानाबाहेर पडा. रात्र तेथे ज्यांची आहे, त्यांची ती राहू द्यावी. थ्रेड समाप्त.