बेथनल ग्रीनचा जिना

पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन या भुयारी रेल्वेस्टेशनाचें काम १९३९ च्या युद्धामुळें अर्धवट राहिलें. रूळांवर गाडी येण्यापूर्वीं तेथें माणसेंच मुक्कामास आलीं. विमानहल्ल्यांपासूनचा आसरा म्हणून खालीं हजारों खाटा मांडल्या गेल्या, वाचनालयहि निघालें.

खालची जागा खोल व भक्कम होती. उणें होतें तें तोंडाशीं. रस्त्यावरून आंत जावयास वाट एकच. प्रथम एकोणीस पायऱ्यांचा जिना, मग वळणावर सपाट जागा, पुढें सात पायऱ्या, आणि तेव्हां कोठें तिकीटघर. रुंद जिन्याच्या मध्यें धरावयास कठडा नव्हता. दिवा एकच, तोहि मिणमिणता. हें तोंड सुधारण्यास स्थानिक कौन्सिलनें १९४१ मध्यें परवानगी मागितली, ती नाकारली गेली. खर्च वायां जाईल, हें कारण!

३ मार्च १९४३ च्या रात्रीं ८ वाजून १७ मिनिटांनीं धोक्याचा भोंगा झाला. दहा मिनिटांनीं जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून विमानविरोधी रॉकेटें सुटलीं. तो आवाज लोकांना अपरिचित होता. बाँबच पडला असें समजून गर्दी आंत लोटली. खालच्या पायऱ्यांवर एक स्त्री पडली, तिच्यावर दुसरीं माणसें कोसळलीं, आणि मागच्यांना त्याचा पत्ताच नाहीं. १७३ जण गुदमरून मेले. त्यांत मुलें ६२. त्या रात्रीं तेथें एकहि बाँब पडला नव्हता.

कठडे लगेच बसले. चौकशीचा अहवाल मात्र १९४५ पर्यंत गुप्त राहिला. पहिली गाडी ४ डिसेंबर १९४६ रोजीं धांवली. स्टेशनाच्या तोंडाशीं आज स्मारक आहे, तें पुरें झालें २०१७ मध्यें : त्याच जिन्याची लांकडी प्रतिकृति, उलटी टांगलेली.