काम आणून देणाऱ्याला दिलेलं कमिशन: इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून कधी धरतात, कधी नाही?

ट्रॅक्टर किंवा दुचाकीच्या कर्जाची प्रकरणं करणारे एजंट आता गावोगावी आहेत. प्रत्येक गावात त्यांचा एखादा ओळखीचा माणूस असतो. "अमक्याला ट्रॅक्टर घ्यायचाय" अशी खबर तो देतो, गिऱ्हाईक गाठून देतो आणि प्रकरण मंजूर झालं की त्याला हजार-दोन हजार मिळतात. बोअरवेल, सोलर, सीसीटीव्ही, सेंटरिंग, लग्नाचे फोटो अशा धंद्यांतही हीच रीत आहे. कोणी त्याला कमिशन म्हणतं, कोणी कट, तर कोणी चहापाणी.

अडचण येते रिटर्न भरताना. बँक किंवा फायनान्स कंपनी एजंटाला पूर्ण कमिशन देते आणि तेवढंच सरकारला कळवते. त्यातले किती पैसे पुढे गावातल्या माणसाला गेले, याची नोंद कुठेच नसते. मग दुसऱ्याला दिलेल्या पैशावरही एजंटालाच टॅक्स बसतो.

नियम काय सांगतो?

आयकर कायदा १९६१ च्या कलम ३७(१) नुसार, निव्वळ धंद्यासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. तो खर्च घरगुती नसावा, मालमत्ता घेण्यासाठी केलेला नसावा आणि कायद्याने मनाई असलेल्या कामासाठी नसावा. काम आणून दिल्याबद्दल दिलेलं कमिशन या अटींत बसत असेल, तर तो धंद्याचा खर्चच आहे.

नव्या कर प्रणालीत ८०सी सारख्या बऱ्याच सवलती मिळत नाहीत. त्यामुळे धंद्याचा खर्चही मिळत नाही, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. धंद्याचा खर्च दोन्ही प्रणालींत वजा होतो.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण ही मूळ तत्त्वं कायम आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या कमाईचा हिशोब जुन्या कायद्यानेच होतो.

फरक किती पडतो?

समजा, एका कर्ज एजंटाला २०२५-२६ मध्ये १५,४०,००० रुपये कमिशन मिळालं. पेट्रोल, मोबाइल, ऑफिसभाडं मिळून १,६०,००० खर्च झाला. गावोगावच्या माणसांना त्याने २,१०,००० दिले.

ते २,१०,००० दाखवले नाहीत, तर उत्पन्न १३,८०,००० धरलं जाईल. नव्या प्रणालीत त्यावर सेससह ९०,४८० रुपये टॅक्स बसतो.

तेच पुराव्यासह दाखवले, तर उत्पन्न ११,७०,००० होतं. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट असल्याने टॅक्स शून्य. शिवाय २ टक्क्यांनी कापलेला ३०,८०० रुपये टीडीएस रिफंड म्हणून परत मिळतो. त्यासाठी रिटर्न मात्र भरावं लागतं.

पुरावा काय ठेवायचा?

नुसतं "कमिशन दिलं" असं वहीत लिहून भागत नाही. चौकशी झाली तर पैसे कोणाला दिले, कशासाठी दिले आणि खरंच दिले का, हे दाखवता आलं पाहिजे.

१. पैसे शक्यतो यूपीआय किंवा बँकेतून द्यावेत. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च धरला जात नाही. दिवसभरात थोडे थोडे करून दिले तरी बेरीज दिवसाचीच होते.

२. घेणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, मोबाइल आणि शक्य असेल तर पॅन लिहून ठेवावा.

३. प्रत्येक वेळी पावतीवर सही घ्यावी. मजकूर साधा चालतो: "अमुक गावच्या अमुक ग्राहकाचं ट्रॅक्टर कर्जाचं प्रकरण मिळवून दिल्याबद्दल रुपये इतके, दिनांक अमुक रोजी मिळाले." रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावावं.

४. ते प्रकरण मंजूर झाल्याचा कागद किंवा मेसेज पावतीसोबत ठेवावा. काम कोणतं आणि पैसे कशाचे, हा मेळ त्यामुळे बसतो.

५. धंद्याचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या वर किंवा उलाढाल २५ लाखांच्या वर गेली की हिशोबाची वही ठेवावीच लागते. हा आकडा मागच्या तीन वर्षांपैकी कोणत्याही एका वर्षात ओलांडलेला असला तरी पुरतं.

भाऊ, मेहुणा किंवा बायकोच्या नावावर कमिशन दाखवायचं असेल, तर काम खरंच झालेलं असलं पाहिजे आणि रक्कम बाजारभावाइतकीच असली पाहिजे. जवळच्या नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त दिलेली रक्कम अधिकारी नामंजूर करू शकतात.

६ टक्के-८ टक्के योजनेत काय?

छोट्या धंद्यांसाठी कलम ४४एडी ची सोपी योजना आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल, तर बँकेतून आलेल्या पैशाच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. बोअरवेलवाले, सेंटरिंगवाले, वायरिंगचे ठेकेदार तिचा फायदा घेतात. या योजनेत काम आणून देणाऱ्याचं कमिशन वेगळं वजा होत नाही. सगळा खर्च त्यातच आला, असं कायदा मानतो. काही जण उलाढालीतूनच कमिशन वजा करून उरलेल्या रकमेवर ६ टक्के काढतात. तेही चूक आहे, उलाढाल पूर्णच दाखवावी लागते.

याहून मोठी चूक एजंटांकडून होते. ज्यांची कमाईच कमिशन किंवा दलालीची आहे, त्यांना ४४एडी लागूच होत नाही. कर्ज एजंट, विमा एजंट, जागेचे दलाल यांनी आयटीआर-४ मध्ये ६ टक्के नफा दाखवला, तर नोटीस येऊ शकते. त्यांनी आयटीआर-३ मध्ये खरा हिशोब द्यायचा असतो. म्हणूनच गावातल्या माणसाच्या पावत्या सर्वात जास्त कामाला येतात त्या एजंटांच्या.

टीडीएस कापायचा का?

वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त कमिशन दिलं तर २ टक्के टीडीएस, असा नियम आहे. पण पैसे देणारी साधी व्यक्ती असेल आणि आदल्या वर्षीची तिच्या धंद्याची उलाढाल १ कोटीच्या आत असेल, तर कापायची गरज नाही. गावपातळीवरचे बहुतेक एजंट यात मोडतात. ज्याला कापायला लागतो आणि जो कापत नाही, त्याचा ३० टक्के खर्च नामंजूर होतो.

पैसे घेणाऱ्यासाठी मात्र ही रक्कम उत्पन्नच आहे. एजंटाने ती खर्चात दाखवली की घेणाऱ्याने ती आपल्या उत्पन्नात धरायची असते. हे त्याला आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर ऐनवेळी तो सही द्यायला नकार देतो.

हे पैसे खर्चात धरत नाहीत

विम्याचा पहिला हप्ता स्वतः भरणं: "पॉलिसी काढा, पहिला हप्ता मी भरतो" असं सांगून ग्राहकाला आपल्या कमिशनमधून पैसे परत देणं विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार गुन्हा आहे. त्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विमा मिळवून दिल्याबद्दल परवाना नसलेल्या माणसाला कमिशन देण्यासही मनाई आहे. हे दोन्ही खर्च टॅक्समध्ये चालत नाहीत. कर्ज एजंट आणि विमा एजंट यांच्यातला हा फरक लक्षात ठेवावा.

डॉक्टरांचा कट: पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन घेण्याला आणि देण्याला वैद्यकीय आचारसंहितेत बंदी आहे. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च वजा करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. त्याच वर्षी कायद्यातही तसा खुलासा जोडला गेला. तालुक्याच्या लॅबने डॉक्टरला दिलेल्या पैशालाही हाच नियम लागतो.

टेबलाखालचे पैसे: ठेका मिळावा किंवा फाईल पुढे सरकावी म्हणून सरकारी नोकराला दिलेले पैसे म्हणजे लाच. तो धंद्याचा खर्च होत नाही, देणाराही गुन्हेगार ठरतो.

प्लॉटची दलाली: स्वतःसाठी प्लॉट घेताना दिलेली दलाली धंद्याच्या खर्चात येत नाही. ती प्लॉटच्या किमतीत मिळवायची आणि पुढे प्लॉट विकताना नफा काढताना धरायची. त्यामुळे ती पावतीही खरेदीखतासोबत जपून ठेवावी.

रिटर्न भरण्याआधी

आयकर पोर्टलवर २६एएस आणि एआयएस उघडून आपल्या पॅनवर किती कमिशन दिसतं ते बघावं. तिथला पूर्ण आकडा उत्पन्नात धरावा आणि दिलेलं कमिशन खर्चाच्या बाजूला लिहावं. हाती उरलेली रक्कमच उत्पन्न म्हणून दाखवली, तर दोन आकडे जुळत नाहीत आणि नोटिशीला निमित्त मिळतं.

पावत्या रिटर्नसोबत जोडायच्या नसतात. पण नोटीस काही वर्षांनीही येऊ शकते, म्हणून त्या सांभाळून ठेवाव्या लागतात. मार्च उलटल्यावर बारा महिन्यांच्या सह्या गोळा करत फिरणं जमत नाही. ज्या दिवशी पैसे दिले, त्याच दिवशी पावतीवर सही घ्यावी आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा. मोठ्या रकमा असतील तर तालुक्यातल्या सीए किंवा कर सल्लागाराला कागद दाखवूनच रिटर्न भरावं.