पोटमाळ्यातील काम व उष्णताजन्य विकार

घराचे छप्पर आणि त्याखालील छत यांच्यामधील बंदिस्त जागेत उन्हाळ्यात श्रम केल्याने शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत वाढून जे विकार होतात, त्यांना पोटमाळ्यातील उष्णताजन्य विकार असे म्हणता येते. घामोळे, स्नायूंचे पेटके, भोवळ, उष्णताजन्य थकवा आणि उष्माघात अशी त्यांची चढती श्रेणी असून त्यांपैकी उष्माघात प्राणघातक ठरू शकतो. मराठीत ‘माळा’ हा शब्द सामान ठेवण्याच्या फळीपासून मुंबईतील इमारतीच्या मजल्यापर्यंत अनेक अर्थांनी वापरला जातो. येथे मात्र छपराला लागून असलेला पोटमाळाच अभिप्रेत आहे.

या विकारांचा प्रश्न अमेरिकेच्या दक्षिण भागात विशेष तीव्र आहे. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना आदी राज्यांतील असंख्य घरांत वातानुकूलनाच्या हवावाहिन्या, आणि पुष्कळदा यंत्राचा काही भागही, पोटमाळ्यातच बसवलेला असतो. यंत्र बंद पडते ते बहुधा त्याच्यावर सर्वाधिक ताण असलेल्या दिवशी. साहजिकच दुरुस्ती करणाऱ्याला वर्षातील सर्वांत तप्त दिवसांतच माळ्यावर चढावे लागते. वीजतंत्री, केबल टाकणारे, उष्णतारोधक थर बसवणारे कामगार आणि हौसेने स्वतःच्या घरी दुरुस्ती करणारे गृहस्थ हेही याच धोक्याच्या कक्षेत येतात.

तापण्याची कारणे

गडद रंगाचे छप्पर सूर्याची उष्णता शोषून घेते आणि ती आतील बाजूने प्रारणाच्या रूपाने माळ्यात सोडते. हवा खेळण्यास वाव नसल्याने बाहेर ३५ ते ३८ अंश सेल्सिअस तापमान असताना माळ्यातील हवा ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते. दुपारी दोन ते पाच हा काळ सर्वांत वाईट समजावा.

केवळ हवेचे तापमान मोजून धोक्याचा पूर्ण अंदाज येत नाही. त्यासाठी आर्द्रता व प्रारण यांचाही विचार करणारा ‘डब्ल्यूबीजीटी’ हा निर्देशांक वापरतात. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन दलाच्या प्रशिक्षण तळांवर जवानांना होणारे उष्माघात टाळण्यासाठी तो विकसित करण्यात आला. बंदिस्त जागेत आर्द्र तापमानाचे ०.७ पट आणि काळ्या गोलकातील तापमानाचे ०.३ पट यांची बेरीज करून तो काढतात. उदाहरणार्थ, आर्द्र तापमान २६ आणि गोलकाचे तापमान ५० अंश असेल, तर निर्देशांक ३३.२ येतो. मध्यम श्रमाच्या सलग कामासाठी उष्णतेला सरावलेल्या कामगाराची शिफारस केलेली मर्यादा सुमारे २८ आणि नवख्याची सुमारे २५ आहे, हे लक्षात घेता या आकड्याचे गांभीर्य कळते.

शरीरावरील परिणाम

हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, अधिक तप्त झाली की शरीर हवेला उष्णता देऊ शकत नाही, उलट घेऊ लागते. मग घामाचे बाष्पीभवन हाच थंड होण्याचा एकमेव मार्ग उरतो. ग्लास वूलच्या टोचऱ्या तंतूंपासून बचाव करणारा अंगभर पोशाख आणि मुखपट्टी या बाष्पीभवनात अडथळा आणतात. एका धोक्यापासून वाचवणारी वस्तू दुसऱ्या धोक्यात भर घालते, अशी ही कोंडी आहे. तप्त हवाच फिरवणारा पंखाही अशा ठिकाणी फारसा उपयोगी पडत नाही. बाहेरची गार हवा आत आणण्याची सोय असेल तरच त्याला अर्थ आहे.

लक्षणे

उष्णताजन्य थकव्यात भरपूर घाम, डोकेदुखी, मळमळ, अशक्तपणा, तहान व चिडचिड आढळते. उष्माघातात शरीराचे आंतरिक तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूच्या कार्यात बिघाड होतो. रुग्ण असंबद्ध बोलतो, अडखळतो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. घाम थांबून त्वचा कोरडी पडली तरच तो उष्माघात, असा समज सर्वत्र दृढ आहे, परंतु श्रमजन्य उष्माघातात रुग्ण अनेकदा घामाने चिंब असतो. म्हणून घामापेक्षा बोलण्या-वागण्यातील बदलाकडे लक्ष देणे अधिक महत्त्वाचे. बुद्धीच भ्रमित झाल्याने रुग्णाला स्वतःच्या अवस्थेची जाणीव राहत नाही. ‘मला काही झालेले नाही, एवढे संपवून येतो’ हे त्याचे उत्तर प्रमाण मानू नये.

प्रथमोपचार

माळ्यावर पाय ठेवण्यास केवळ तुळयांचा आधार असतो. भोवळ आलेला मनुष्य मधले पातळ छत फोडून खालच्या खोलीत कोसळू शकतो. त्यामुळे पहिल्या लक्षणासरशी त्याला खाली आणावे आणि शिडीवरून एकट्याला उतरू देऊ नये. तो बेशुद्ध असून अरुंद झडपेतून काढता येत नसेल, तर रुग्णवाहिका व अग्निशमन दल यांना बोलावून मदत येईपर्यंत जागेवरच त्याच्या अंगावर पाणी ओतत राहावे.

उष्माघातात प्रत्येक मिनिटाला मोल आहे. शरीर अर्ध्या तासाच्या आत ३९ अंशांपर्यंत थंड करणे हे उद्दिष्ट असते. त्यासाठी डोके पाण्याबाहेर धरून थंड पाण्याच्या टबात बसवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. ते शक्य नसल्यास जास्तीचे कपडे काढून अंग सतत भिजवावे, वारा घालावा आणि मान, काखा व जांघा येथे बर्फात बुडवलेले कपडे ठेवावेत. शुद्धीवर नसलेल्याला तोंडाने काहीही पाजू नये. पॅरासिटामॉलसारखी तापाची औषधे येथे निरुपयोगी आहेत, कारण हा ताप रोगजन्य नसतो. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

प्रतिबंध

माळ्यावरचे काम पहाटे सुरू करून सकाळीच संपवणे, हा सर्वांत साधा आणि बहुधा सर्वांत उपेक्षित उपाय आहे. ग्राहकाची घाई व ठेकेदाराचे वेळापत्रक तो आडवे येऊन मोडतात. कामगाराने एकट्याने वर जाऊ नये. झडपेपाशी एक जोडीदार असावा आणि त्याने दर काही मिनिटांनी हाक मारून सुसंगत उत्तर येते की नाही ते पाहावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी सुमारे एक पेला पाणी प्यावे, मात्र तासाला दीड लिटरपेक्षा अधिक नको. अतिरिक्त साध्या पाण्याने रक्तातील सोडियम घातक प्रमाणात घटू शकते. काम लांबल्यास ताक, मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा पन्हे उपयुक्त ठरते. खिशात कांदा बाळगल्याने ऊन लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे, पण तिला वैद्यकीय आधार नाही.

शरीर उष्णतेला सरावण्यास १ ते २ आठवडे लागतात. अमेरिकेतील शासकीय मार्गदर्शनानुसार नवख्याला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम द्यावे आणि रोज २० टक्क्यांहून अधिक वाढवू नये. उष्णतेने होणाऱ्या व्यावसायिक मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू कामाच्या पहिल्याच आठवड्यात घडतात, हे त्यामागील कारण. दीर्घ रजेनंतर परतलेला अनुभवी कामगारही काही अंशी नवखाच असतो. लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे, रक्तदाबावरील काही औषधे आणि मद्य यांमुळे धोका वाढतो.

कायदेशीर तरतुदी

कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये उघड्यावरील कामासाठी आणि जुलै २०२४ पासून बंदिस्त जागेतील कामासाठी उष्णताविषयक नियम लागू केले. बंदिस्त जागेत ८२ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २८ अंश सेल्सिअस, तापमानापासून पाणी, विश्रांती व गार जागा देणे त्यात बंधनकारक आहे. याउलट फ्लोरिडाने २०२४ मध्येच स्थानिक संस्थांना असे नियम करण्यास मनाई करणारा कायदा संमत केला. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १३ ने कामाच्या जागेतील वायुवीजन व सुसह्य तापमान यांची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती. घरोघर जाऊन दुरुस्ती करणारा कारागीर मात्र कारखान्याच्या व्याख्येतच बसत नव्हता.

महाराष्ट्रातील स्थिती

कोकणातील कौलारू घरांच्या माळ्यात कौलांच्या फटींतून तप्त हवा निसटत राहते. सिमेंटच्या वा जस्ताच्या पत्र्यांखाली ही सोय नसते. भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथील पत्र्याच्या छपरांचे यंत्रमाग कारखाने, गोदामे आणि झोपडवस्त्यांतील पोटमाळे यांत अमेरिकी पोटमाळ्यासारखीच परिस्थिती निर्माण होते. फरक इतकाच, की येथे माणसे तासाभरासाठी चढत नाहीत, तेथेच दिवस काढतात आणि कित्येक तर रात्री तेथेच झोपतात. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला आणि पुढे त्यात छपरांना पांढरा परावर्तक लेप देण्याचा उपक्रम जोडला. नागपुरातही असा आराखडा करण्यात आला. साध्या चुन्याचा लेप पावसात धुऊन जातो आणि धुळीने त्याची परावर्तनशक्ती घटते, म्हणून तो दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी नव्याने द्यावा लागतो.